वाघिणीचा आस आणि घड्याळाचा आस

वणी-राजूरकडचा कोळसा माजरी जंक्शनला मुख्य मार्गाला लागतो. वर्धा ते बल्लारशाह या मार्गावर वरोरा आणि भांदक यांच्या मधले हे स्टेशन. इथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून पश्चिमेकडे जातो. रेल्वे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीच्या होत्या त्या काळात इथून सुटलेल्या मालगाडीतल्या एखाद्या वाघिणीचा आस वाटेत तापून बिघडला, तरी फार मोठी पंचाईत होत नसे. ती वाघीण ज्या रेल्वेच्या हद्दीत असेल तिथल्या यार्डात दुसरा जोड बसवायचा, खर्च नियमाप्रमाणे मालक कंपनीच्या नावे टाकायचा आणि वाघीण पुढे काढायची, अशी रीत बसलेली होती. त्याच गाडीच्या शेवटी ब्रेकव्हॅनमध्ये बसलेल्या गार्डच्या खिशातही एक आस फिरत असे, जेबी घड्याळातल्या बॅलन्सचा, म्हणजे मागे-पुढे डुलणाऱ्या चाकाचा. त्याची टोके मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे केसाहून जराशीच जाड. घड्याळ हातून फरशीवर पडले की पहिल्यांदा मोडतात ती हीच टोके. ती मोडल्यावर मात्र बसता येण्याजोगा दुसरा आस मिळेल याची खात्री ना स्टेशनमास्तर देऊ शकत होता, ना नागपूरचा घड्याळजी. टनावारी ओझे वाहणारा आस बदलता येतो आणि गुंजेहूनही हलका आस बदलता येत नाही, याचे उत्तर बहुतेक जण यंत्रांच्या अचूकतेत शोधतात. माझ्या मते ते वहीत सापडते. सुटे भाग अदलाबदलीचे होतात ते कुणाला तरी त्यांची नोंद ठेवणे भाग पडते म्हणून. घड्याळांच्या बाबतीत आपल्या रेल्वेवर ते कुणालाच भाग पडले नाही.

आधी अडचण नेमकी कुठे असते ते पाहू. घड्याळाचे मशीन, म्हणजे तबकडीखालचा सगळा संच, वरून सारखा दिसला म्हणून आतून सारखा असतो असे नाही. बॅलन्सच्या आसाची एकूण उंची, दोन्ही टोकांची जाडी, बॅलन्सचे चाक ज्या खांद्यावर ठोकून बसवतात त्याचा व्यास, खालच्या रोलरसाठीचा व्यास आणि हेअरस्प्रिंगच्या गुंडीसाठीचा व्यास, ही सगळी मापे जुळली तरच आस बसतो. यातले एखादे माप मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याने चुकले तरी घड्याळ एका कुशीवर पुढे आणि दुसऱ्या कुशीवर मागे धावू लागते, किंवा चालतच नाही. हेअरस्प्रिंग तर विशिष्ट बॅलन्सच्या वजनाशी जुळवून कापलेली असते. ती दुसऱ्या घड्याळातून काढून आणली तर मोजमाप नव्याने करावे लागते. कमान, चावीचा दांडा, काटे जुळवण्याचा खटका हे भाग तुलनेने सहनशील, त्यांना थोडे घासून-पुसून जमवता येते. त्यामुळे ‘सुटे भाग मिळतात का’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. ठोकळ भाग मिळतात, नाजूक मिळत नाहीत, आणि घड्याळ बंद पडते ते बहुधा नाजूक भागामुळे.

अमेरिकेने हा प्रश्न यंत्रांनी सोडवला, असे सर्रास सांगितले जाते. ॲरन डेनिसन आणि त्याच्या भागीदारांनी १८५० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरी इथे कारखाना काढला. बंदुकीच्या कारखान्यांत यंत्रांवर सारखे भाग निघतात, मग घड्याळाचे का निघू नयेत, हा त्यामागचा विचार. १८५४ मध्ये कारखाना वॉल्थमला गेला, १८५७ मध्ये दिवाळखोरीत निघाला, नव्या मालकाने तो विकत घेतला आणि पुढे तो त्याच गावाच्या नावाने जगभर ओळखला गेला. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात वॉल्थमची यंत्रे पाहून स्विस लोक हादरले. लाँजिन कारखान्याच्या जॅक डेव्हिडने परतल्यावर आपल्या देशबांधवांना सावध करणारा सविस्तर अहवाल लिहिला. इथपर्यंतची गोष्ट यंत्रांच्या बाजूने जाते. पण त्याच कारखान्याचे कामकाज बारकाईने पाहिले की चित्र बदलते. यंत्रातून निघालेले आस आणि त्यांची टोके ज्यांत फिरतात ते भोके पाडलेले खडे, म्हणजे ज्वेल, यांत बारीक फरक राहतच होता, म्हणून ते मापांनुसार निवडून एकमेकांशी जुळवले जात. जुळवणी झाली की त्या घड्याळाच्या टोकांची आणि ज्वेलची मापे मशीनच्या क्रमांकाखाली वहीत लिहून ठेवली जात. दूरच्या गावातल्या ग्राहकाने फक्त क्रमांक कळवायचा, कारखाना वही उघडून त्या मापाचा भाग टपालाने पाठवणार, ही त्यांची जाहिरात होती. वॉल्थमच्या प्लेटवर आणि चाके वरून धरणाऱ्या पुलांवर तोच क्रमांक पुन्हा पुन्हा छापलेला सापडतो, त्याचे कारणही हेच. सगळे भाग खरोखर कुठेही बसणारे असते तर प्रत्येकावर क्रमांक घालण्याचा खटाटोप कुणी केला असता? यंत्राने फरक लहान केला. उरलेला फरक वहीने सांभाळला.

यावर एक रास्त आक्षेप येतो. हे एकोणिसाव्या शतकातले झाले, पुढे यंत्रे सुधारली आणि वहीची गरज उरली नाही, असे कुणी म्हणेल. ते अर्धे खरे आहे. विसाव्या शतकात एकाच प्रकारच्या हजारो मशीनमध्ये भाग खरोखर सरळ बसू लागले. पण आता निराळी वही लागली: कुठले मशीन कुठल्या प्रकारचे आहे, याची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वित्झर्लंडमधल्या कच्ची मशीने बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांनी एबॉश एस. ए. ही एकत्रित कंपनी उभी केली. पुढे त्यांच्या याद्यांमध्ये प्रत्येक भागाला ठरावीक क्रमांक मिळाला. बॅलन्सचा आस म्हणजे ७२३, चावीचा दांडा ४०१, काटे जुळवण्याचा खटका ४४३. मशीनचा प्रकार आणि हा क्रमांक सांगितला की मुंबईतल्या व्यापाऱ्यालाही नेमका भाग मागवता येई, फ्रेंच येत नसले तरी. अचूकता आधीही होती. ती बाजारात वापरता आली ती या याद्यांमुळे. आणि याद्या कामाला येतात त्या आपल्या हातातल्या मशीनचा प्रकार ओळखता आला तरच. भारतातल्या जेबी घड्याळांची गाडी अडली ती इथे.

आपल्याकडे आलेल्या घड्याळांच्या तबकडीवर बनवणाऱ्याचे नाव क्वचितच असे. असे ते विकणाऱ्याचे. फाव्र-ल्युबा ही स्विस पेढी १८६५ च्या सुमारास मुंबईत आली. वेस्ट एंड वॉच कंपनीची मुंबई आणि कलकत्त्याची दुकाने देशभर घड्याळे पुरवीत. रेल्वेच्या घड्याळांच्या तबकडीवर तिचे नाव हमखास भेटते. पण वेस्ट एंड स्वतः मशीन घडवत नव्हती, ती स्वित्झर्लंडमधल्या कारखान्यांकडून घेत असे. लाँजिनची मशीने तिच्या नावाने विकली गेली, इतरांचीही गेली. एकच तबकडी-नाव धारण करणाऱ्या दोन घड्याळांत दोन निरनिराळ्या कारखान्यांची मशीने निघतात, आणि दोन वेगळ्या नावांच्या घड्याळांत एकच मशीन निघते. पाठीवर रेल्वेची आद्याक्षरे आणि साठ्याचा क्रमांक कोरलेला असला तरी तो क्रमांक रेल्वेच्या खतावणीतला, कारखान्याच्या वहीत त्याला काडीचाही अर्थ नाही. खालच्या थरात तर आणखी गोंधळ. जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कोपने १८६७ मध्ये कामगारांसाठी वीस फ्रँकचे साधे, दणकट घड्याळ बाजारात आणले, आणि पुढे त्याच्या नकला असंख्य कारखान्यांतून निघाल्या. तबकडीवर धुराचे इंजिन रंगवलेली, ‘रेल्वे रेग्युलेटर’ असे भारदस्त नाव मिरवणारी अशी स्वस्त घड्याळे भारतात खूप विकली गेली. त्यांचा रेल्वेशी संबंध चित्रापुरताच. नाव मोठे, लक्षण खोटे.

विकणाऱ्यांनी नाव लपवले म्हणून दोष त्यांच्यावर ढकलता येईल. पण मोठा गिऱ्हाईक हटून बसला तर विक्रेत्याला माहिती द्यावीच लागते, आणि रेल्वेइतका मोठा गिऱ्हाईक दुसरा नव्हता. रेल्वेने हट्ट का धरला नाही, हा खरा प्रश्न. अमेरिकेतल्या रेल्वेने तो धरला होता. एप्रिल १८९१ मध्ये ओहायोतल्या किप्टन स्टेशनजवळ दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका ड्रायव्हरचे घड्याळ काही मिनिटे बंद पडून पुन्हा चालू झाले होते, असे सांगितले जाते. त्यानंतर क्लीव्हलँडचा जवाहिऱ्या वेब बॉल याच्याकडे घड्याळांच्या तपासणीचे काम आले आणि १८९३ पासून रेल्वे घड्याळांचे कडक निकष रूढ झाले: आकार ठरलेला, आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक चालणार नाही, नियमित तपासणी आणि तिची नोंद. तिथल्या रेल्वेला हे करावेच लागले, कारण तिथे एकेरी मार्गावर गाड्या बऱ्याच अंशी वेळापत्रक आणि लेखी हुकूम यांवर चालत. समोरची गाडी अमुक वाजेपर्यंत बाजूच्या रुळावर गेलेली असेल, या भरवशावर ड्रायव्हर पुढे निघे. घड्याळ चुकले की माणसे मरत. म्हणून निकषांत बसणारी मोजकी मॉडेले टिकली, ती लाखांनी बनली, आणि आज शंभर वर्षांनी त्यांचे सुटे भाग मिळतात ते याच कारणाने.

भारतातली व्यवस्था मुळात निराळी होती. इथे दोन स्टेशनांमधल्या मार्गावर एका वेळी एकच गाडी, हा नियम. आणि तो घड्याळावर सोपवलेला नव्हता. पुढच्या स्टेशनाने तारेने ‘लाइन क्लिअर’ दिल्याशिवाय गाडी सुटत नसे, आणि टोकन यंत्रे आली तिथे त्यातून निघालेला लोखंडी गोळा ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय इंजिन हलत नसे. वरोऱ्यापुढच्या एकेरी मार्गावर गार्डचे घड्याळ पाच मिनिटे मागे पडले तर नोंदवहीत चुकीची वेळ चढली असती, साहेबाचा ताशेरा आला असता, पण टक्कर झाली नसती. घड्याळाला महत्त्व नव्हते असे नव्हे. प्रमाणवेळ रोज दुपारी चार वाजता मुख्य स्टेशनांना कळवायची, आणि गार्डाने गाडी सुटण्यापूर्वी स्टेशनच्या घड्याळावर आपले घड्याळ लावून ड्रायव्हरला वेळ द्यायची, हे सर्वसाधारण नियमांत आहे. मात्र नियम वेळ सारखी ठेवण्याबद्दल बोलतो, घड्याळ सारखे ठेवण्याबद्दल नाही. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. त्याआधी रेल्वे मद्रासची वेळ पाळत. वेळ एक करणे कलकत्ता-शिमल्याला गरजेचे वाटले. घड्याळाचा आस एक करणे कुणालाच वाटले नाही, कारण त्यावाचून अडत नव्हते.

हेच वाघिणीच्या बाजूने पाहिले की मुद्दा उजळतो, आणि त्यासाठी जुन्या चांदा जिल्ह्याइतके चांगले ठिकाण नाही. इथे रेल्वे आली ती कोळशासाठी. वर्ध्याहून वरोऱ्याच्या सरकारी खाणीपर्यंत ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ १८७० च्या दशकात झाली. ती खाण १९०६ मध्ये बंद पडली आणि खाणकाम बल्लारपूरकडे सरकले, तसा मार्गही माजरी, भांदक, चांदा करत पुढे गेला. हा भाग ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा. बल्लारशाहच्या दक्षिणेला निजामाच्या राज्यातली रेल्वे. काझीपेठ-बल्लारशाह दुवा पूर्ण होऊन १९२९ च्या सुमारास दिल्ली-मद्रास थेट जोडली गेली. पूर्वेला गोंदियाहून नागभीड, वडशाकडचे जंगल कापत चांदा फोर्टला येणारी अरुंद रुळांची गाडी बंगाल-नागपूर रेल्वेची. एका जिल्ह्यात तीन कंपन्या, तीन मुख्यालये, तीन भांडारे. तरीही माजरीची ब्रॉडगेज वाघीण काझीपेठला बिघडली तर तिथे दुरुस्त होई, कारण वाघीण परमुलखात जात होती. ती वाटेत अडली तर दोन कंपन्यांची भांडणे, भाड्याचे हिशेब आणि अडून राहिलेला कोळसा, असा तिहेरी खर्च. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कंपन्यांनी परिषद बसवून वाघिणींच्या देवघेवीचे नियम केले, आणि साधारण १९०३ पासून इंजिनांचेही प्रमाणित आराखडे ब्रिटनमधल्या अभियांत्रिकी मानक समितीकडून आले. चांदा फोर्टच्या अरुंद रुळांवरची वाघीण मात्र या व्यवहारात नव्हती. ती जायची कुठे? रुळांची रुंदीच बदलत असल्याने तिचा मुलूख ठरलेला. तिचा आस माजरीच्या वाघिणीला लागावा, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल. गार्डचे घड्याळ या अरुंद वाघिणीच्या जातीचे. ते गार्डबरोबर जाते आणि पाळी संपली की आपल्या मुख्य ठाण्याला परत येते. ते परक्या भांडारात कधीच दुरुस्तीला पडत नाही, म्हणून त्याच्या भागांची भाषा दोन भांडारांत जुळवायची गरजही कधी उद्भवत नाही.

इथे आणखी एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. नोंदी नव्हत्या, याद्या नव्हत्या, तरी ही घड्याळे पन्नास-साठ वर्षे चालली ना? चालली, कारण घड्याळजी होते. चांगला घड्याळजी लहान लेथवर पोलादाच्या काडीतून आस वळून काढतो, टोके घासून चमकवतो, ज्वेलमध्ये बसवतो. ज्याला हे जमते त्याला कारखान्याची वही कशाला? प्रश्न बरोबर आहे, पण त्याचे उत्तर माझ्याच बाजूने जाते. वळलेला आस त्या एका घड्याळाला बसतो, आणि बसल्या क्षणापासून ते घड्याळ आपल्या प्रकारापासून थोडे दूर जाते. ज्वेल फुटला म्हणून थोड्या मोठ्या भोकाचा बसवला, त्यासाठी टोके जाड ठेवली. पुढच्या दुरुस्तीत रोलर सैल झाला म्हणून तो आवळला. आणखी पुढे दुसऱ्या मोडीतल्या घड्याळाचा पूल आणला आणि खालून घासून बसवला. अशी जुनी घड्याळे उघडली की प्लेटवर एक क्रमांक आणि पुलावर दुसरा, असे वरचेवर दिसते. त्यात आज याद्यांतला नेमका भाग आणून घातला तरी बसत नाही, कारण घड्याळच यादीतले राहिलेले नसते. घड्याळजीच्या हुन्नराने घड्याळ वाचले, अदलाबदल मेली. यात त्याचा दोष काढण्यासारखे काही नाही. भांडाराने नेमका भाग दिला असता तर त्यानेही आनंदाने तोच बसवला असता. १९३० च्या दशकात धक्का झेलणारी इन्काब्लॉकसारखी रचना आली. तिने आस मोडणेच कमी केले, पण ती मनगटी घड्याळांत रुळली. खिशातल्या बहुसंख्य जुन्या घड्याळांना तिचा लाभ झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर भांडारे एक होण्याची संधी आली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी आणि निजाम स्टेट रेल्वे नव्या मध्य रेल्वेत एकत्र आल्या, म्हणजे माजरी आणि काझीपेठ एकाच छताखाली आले. ते छत पंधरा वर्षे टिकले; १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली आणि बल्लारशाह पुन्हा सीमेवरचे स्टेशन ठरले. मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि तिने जेबी घड्याळेही बनवली. देशात पहिल्यांदाच घड्याळ विकणारा, बनवणारा आणि सुटे भाग पुरवणारा एकच झाला. तबकडीवरचे नाव आणि आतले मशीन एकमेकांशी खरे बोलू लागले. एचएमटीचे जुने घड्याळ आज तालुक्याच्या गावातही दुरुस्त होते आणि त्याच पेटीतले जुने स्विस घड्याळ होत नाही, यात स्विस कारागिरी कमी पडली असा अर्थ काढणे चूक ठरेल. स्विस मशीन बहुधा वरचढच असते. फरक एवढाच की एचएमटीच्या भागाला पत्ता आहे. तो पत्ताही आता जुना होत चालला. क्वार्ट्झच्या लाटेनंतर कंपनी तोट्यात गेली आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. आज भाग मिळतात ते पडून राहिलेल्या साठ्यातून आणि तोडलेल्या घड्याळांतून.

एखाद्या घरात आजोबांचे रेल्वे घड्याळ असेल आणि ते चालते करायचे असेल, तर वरच्या सगळ्या इतिहासातून काही व्यवहार्य गोष्टी निघतात. पाठीवरची आद्याक्षरे आणि तबकडीवरचे नाव यांवर भाग मागू नये. तबकडी उतरवून तिच्याखालच्या प्लेटवर, बहुधा बॅलन्सच्या बाजूला, कच्चे मशीन बनवणाऱ्या कारखान्याचा लहानसा शिक्का शोधावा. काही घड्याळांत तो नसतोच. तो नसेल तर मशीनचा व्यास लीनमध्ये मोजावा. एक लीन म्हणजे सुमारे २.२५६ मिलिमीटर; खिशातली घड्याळे बऱ्याचदा १९ लीनच्या आसपास, म्हणजे ४३ मिलिमीटर असतात. त्यानंतर काटे जुळवण्याच्या खटक्याचा आणि त्याच्यावरच्या स्प्रिंगचा आकार पाहावा. हे दोन भाग प्रत्येक कारखान्याने आपापल्या धाटणीने कापलेले असतात, आणि जर्मनीच्या फ्लूम किंवा अमेरिकेच्या बेस्टफिट या जुन्या याद्या याच आकारावरून मशीन ओळखतात. अशा रीतीने प्रकार कळला तरी आस मागवण्यापूर्वी मोडलेला जुना आस मोजावा, कारण मधल्या एखाद्या घड्याळजीने तो हाताने वळलेला असू शकतो. तसे असेल तर यादीतला ७२३ क्रमांकाचा आस घेऊन उपयोग नाही. मग लेथ असलेला माणूस शोधायचा आणि त्याने नवा आस वळल्यावर त्याची मापे एका कागदावर लिहून तो कागद घड्याळाच्या डबीत ठेवायचा.